बारा बाजू

मिशनच्या दवाखान्यामागचा बंगला रिकामा झाला
तेव्हा भंगारात आलं ते एवढं:
दोन लोखंडी खाटा, सुया उकळायची पेटी,
चावीचा ग्रामोफोन
आणि कापडी पुठ्ठ्यात सहा तबकड्या.
सहावीचे तीन तुकडे.
पारसमल शेठनं तराजूत टाकून पाहिल्या.
"ही नुसती लाख हाय," म्हणाले,
"वितळून बांगड्या बी व्हायच्या न्हाईत. न्या फुकट."
खैरुद्दीन मास्तरांनी कॅरियरला बांधल्या, वर गोणपाट,
आणि कुंडलिकेच्या पुलावरून सायकल हातात धरून चालत आणली.

नाव कसरीनं खाल्लेलं.
मकासरे कंपाउंडरनं चष्मा वर करून वाचलं:
सिंफनी. रचना एकोणीसशे... पुढचा आकडा गेला.
करणारा विलायतेचा.
"सिंफनी म्हंजे?"
"लई मोठा बँड," मास्तर म्हणाले, "बसून वाजवणारा."
बसून?
अंबादास हिवाळेला ते पटेना.
त्याच्या युफोनियमनं जालना ते भोकरदन
सगळे रस्ते पायी मोजले होते.

चातुर्मास होता. लग्नं बंद.
कर्णे खिळ्यांना टांगलेले, वर्दीला डांबरगोळ्यांचा वास.
कादराबादेतल्या त्या खोलीत आम्ही सात जण,
मी सगळ्यात लहान, साईड ड्रमवाला,
म्हणून चावी फिरवणं माझ्याकडे.

पहिल्या बाजूला लांब कुठंतरी ढोल घुमला
आणि एक चाल आली, सावकाश,
जोडे नवे असल्यासारखी.
"बसून न्हाय बे," अंबादास म्हणाला, "चालतच येऊ लागलाय."
चार मिनिटांनी खरखर.
वरातीत गॅसबत्तीची जाळी फुटावी
तसा सूर अर्ध्यावर अंधारात.
उलटा. चावी. तीस फेरे. पुढं.

पाचवी न् सहावी बाजू नुसती पळत होती.
शंभर फिडलं, वारूळ फुटल्यागत.
माझी बोटं मांडीवर आपोआप.
मग दम लागत लागत, एकेक वाद्य मागं राहत गेलं,
एकच सूर लांबला,
आणि तबकडी संपली.

सातवी लावली.
मास्तरांनी सुई उचलली. परत सहावी. परत सातवी.
चहा निवून साय आली.
त्यांनी खिळ्यावरचं क्लॅरनेट काढलं, तोंडाला लावलं नाही,
नुसती बोटं चालवली.
कळांचा कोरडा आवाज, टक टक टक,
आधी भरभर,
मग तेच, थांबून थांबून.
"तेच हायेत," म्हणाले.
"काय तेच?"
"सूर. ज्याच्यामागं जो होता त्याच्यामागं तोच.
पळताना कुनाला दिसले न्हाईत."

तुळशीची लग्नं झाल्यावर बदनापूरची सुपारी आली.
वरात मारुतीच्या पारापाशी वळली
आणि नाचाची चाल ऐन रंगात असताना
मास्तरांनी डावा हात खाली दाबला.
खाली. अजून खाली.
मी काठ्या आवरल्या. अंबादासनं श्वास लांबवला.
पोरांचे पाय हवेत राहिले,
रुमाल तोंडात धरलेला एक जण तसाच.
जीपच्या मागच्या सीटवर नवरीची चुलती
इतका वेळ पोरांवर खेकसत होती,
ती गप्प झाली
आणि नवरीच्या पाठीवर हात ठेवून बसली.
तेवढंच. वीस पावलं असतील.
"मयत हाय का रे कुनाची?" नवरदेवाचा मामा ओरडला.
चाळीस रुपये कापले.
परतीच्या टेम्पोत अंबादास शिव्या देत होता,
विलायतेला, मास्तरांना, भंगारवाल्याला.

अकरावी, बारावी आम्ही ऐकलीच नाही.
मास्तर म्हणायचे, शेवटी ती पहिली चाल परत येत असणार,
जोडे आता झिजलेले.
अंबादास म्हणायचा, छ्या,
शेवटी पैशाचा हिशेब असतो.

दोघंही गेले.
सहावीचा एक तुकडा माझ्याकडे आहे, पोळीच्या त्रिकोणाएवढा.
रात्री पलीकडं भट्ट्यांचा उजेड आभाळाला लागतो,
लोखंड वितळत असतं,
तेव्हा कधीमधी मी रेघांवरून नख ओढतो.
येतो काहीतरी आवाज.
भरभर ओढला तर एक,
हळू ओढला तर